बूट घालून झोपणारी

१

मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी फोन आला आणि नऊ सेकंदांत संपला. तीस वर्षं हॉटेलच्या टेलिफोन बोर्डावर काढली आहेत मी, सेकंद मोजायला मला घड्याळ लागत नाही.

"ताई, तुम्ही सांगितलंत," ती म्हणाली. "कागदात छापून आलंय. काकांनी जेवताना वाचून दाखवलं."

मग फोन ठेवल्याचा आवाज आला. मी रिसीव्हर कानाला धरून किती वेळ बसले, ते मात्र मोजलं नाही.

अडचणीतल्या मुलांसाठीची हेल्पलाइन आहे आमची. इथे फोन उचलणारी प्रत्येक बाई 'ताई' असते. मी साठी ओलांडलेली ताई. ऑफिसात माझ्या पाठीमागे मला 'एक्स्चेंज' म्हणतात, ते मला ठाऊक आहे. फोन कुठून आला ते आम्हाला दिसत नाही आणि बोलणं रेकॉर्ड होत नाही. मुलांना तसा शब्दच दिलेला आहे. फोन संपला की एक चिठ्ठी लिहायची, ती कुलपात जाते, बस.

ही पोरगी नऊ वर्षांची. सात मंगळवार शेजारणीच्या फोनवरून बोलत होती. नाव सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आई दूरच्या गावी नोकरीला, वर्षातून दोनदा येणारी. घरात काका. तिसऱ्या मंगळवारी ती म्हणाली की ती रात्री बूट घालून झोपते, नाड्या घट्ट बांधून. पळायची वेळ आलीच तर बूट शोधण्यात वेळ जायला नको.

तिला बोलतं केलं ते माझ्या पद्धतीने. या ऑफिसात सगळ्यांना मीच ती शिकवली आहे आणि त्याचा मला तोरा आहे, खोटं कशाला बोलू. पोर जे म्हणेल तेच वाक्य त्याला परत द्यायचं. "मला भीती वाटते." "तुला भीती वाटते." प्रश्न नाही, उपदेश नाही. आपलं कुणीतरी ऐकतंय, एवढं कळलं की पोर पुढचं वाक्य बोलतं. फक्त एक नियम: मारलं, लागलं, रक्त आलं असलं काही परत म्हणायचं नाही, ते गुपचूप चिठ्ठीत लिहायचं. जखम दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की मुलं मिटतात.

आणि बोलता येत नसेल तर फोनवर दोनदा टकटक कर, मी समजेन, असं मी तिला सांगून ठेवलं होतं.

माझ्या केबिनमध्ये नेहमीसारखा कॉफीचा वास येत होता. साडेचारच्या सुमाराला कुणाची चैन चालते कोण जाणे, असं मी दर मंगळवारी मनात म्हणायची. त्या दिवशी तो वास नकोसा झाला. मी बाहेर आले आणि टेबलावरच्या गठ्ठ्यातून देणगीचं नवीन पत्र उचललं. आमची पत्रं मी कधी वाचत नाही, रडकी असतात.

तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: 'ती रात्री बूट घालून झोपते. नाड्या घट्ट बांधून.'



२

मॅडमनी दार लावून घेतलं. ही हेल्पलाइन त्यांनी स्वतःच्या घराच्या हॉलमध्ये दोन फोनांवर सुरू केली होती. आता दहा फोन आहेत आणि मॅडमच्या डोक्यावर एक काळा केस उरलेला नाही. देणग्या आटल्या होत्या, रात्रीची लाइन बंद करायची वेळ आली होती, आणि या एका पत्राने पुढच्या वर्षाची सोय केली होती. आजवर कुठल्याच पत्राला इतकी उत्तरं आली नव्हती.

"पत्रातली मुलं खोटीच असायला हवीत," मॅडम म्हणाल्या. "तो आपला पहिला नियम आहे. ही खरी कशी आली?"

शुक्रवारी विश्वस्तांची बैठक होती. त्याआधी कुणाच्या हातून फुटलं ते शोधून काढा, असं त्यांनी मला सांगितलं. पोलिसांत जायला त्या कचरत होत्या, कारण एकदा बोभाटा झाला की एकही मूल फोन करणार नाही. मलाच का, असं मी विचारलं. म्हणाल्या, तुमच्यापासून कुणी काही लपवू शकत नाही म्हणून. हे कौतुक होतं की टोमणा, ते मी विचारलं नाही.

खरं सांगायचं तर बैठकीशी मला काही देणंघेणं नव्हतं. मला ती पोरगी हवी होती. एका पत्रामुळे तिच्या काकाला कळलं होतं की घरातली गोष्ट बाहेर जाते, आणि आता ती त्याच्याबरोबर एकटी होती. मी बालसंरक्षण अधिकाऱ्याला फोन केला. बरा माणूस आहे, कमी बोलतो. म्हणाला, "बाई, नाव नाही, गल्ली नाही. मी कुठलं दार वाजवू? पत्ता द्या, तासाभरात जातो."

पत्ता कुठून देणार? माझ्याकडे होतं ते एक पत्र. म्हटलं, ते जिथून फुटलं तिथूनच शोधत मागे जाऊ. दुसरा रस्ता नव्हताच.

३

पहिली शंका किल्लीवर. चिठ्ठ्यांच्या कपाटाची चावी जिच्या कमरेला असते ती, म्हणून हे नाव. तिचं माझं पटत नाही, हे ऑफिसातल्या पाण्याच्या फिल्टरलाही माहीत आहे.

मी चौकशी सुरू करताच तिने तोंडाचा पट्टा सोडला. वीस वर्षं कपाट सांभाळतेय, आजवर असा आळ आला नाही. मग तिने खाडकन दार उघडून माझ्या मंगळवारांचं पाकीट माझ्यापुढे आपटलं. महिन्याच्या चिठ्ठ्या पाकिटात घालून ती वर कागदी पट्टी चिकटवते आणि पट्टीवर आडवी सही करते. सही अखंड होती, पट्टी फाटलेली नव्हती.

"तुमचं काहीही ऐकून घ्यायचं मी," ती म्हणाली. "खुर्ची टोचते, दिवा डोळ्यात जातो. उन्हाळ्यात केबिनमध्ये गुदमरतंय म्हणून ओरडलात, तर मी स्वतः उभं राहून सुताराकडून भिंतीतली झडप काढून घेतली. एक शब्द आभाराचा? आणि आता मी चोर."

आभार मी खरंच मानले नव्हते. तिच्यासमोरच पट्टी फाडली आणि तिसऱ्या मंगळवारची माझीच चिठ्ठी वाचली. बूट, नाड्या, शेजारीण. आणि खाली बारीक अक्षरात: 'डाव्या हाताचं बोट दारात चेंगरलं. दार काकांनी लावलं. मुद्दाम.'

हे मी विसरले नव्हते. ते नुसतं आठवलं तरी मला जेवण जात नाही. पण आता ते वाचताना दुसरंच काहीतरी खटकलं. काय ते पटकन हाती लागेना. चिठ्ठी पर्समध्ये टाकली, किल्लीने नियम मोडल्याबद्दल मला आणखी चार शब्द ऐकवले, आणि मी ज्याच्याकडे जायचं टाळत होते त्याच्याकडे गेले.

पत्र लिहिणारा माझा सख्खा भाचा आहे. त्याला इथे मीच चिकटवला.

४

भाचा पॅन्ट्रीत होता. सिंक, किटली, एक डगमगतं टेबल, आणि त्या टेबलावर कागद पसरून हे महाराज. चाळिशीला आलाय, दोन मुलींचा बाप आहे, पण मला बघितलं की अजून पाय खाली घेऊन बसतो.

"मावशी, आईशपथ, ते माझ्या डोक्यातून आलं," तो म्हणाला. कपाटाजवळ तो कधी गेला नव्हता, कुणाशी बोलला नव्हता. मी म्हटलं, डोक्यातून बरं तंतोतंत आलं. तर म्हणाला, "मी इथे बसलो की पोरं आपोआप बोलायला लागतात. हॉलमध्ये चार वाजले की देणग्यांचे फोन सुरू होतात, नुसता गोंधळ. म्हणून मी इथे येतो. कॉफी टाकतो, किटली गुणगुणते, आणि सुचतं. मंगळवारी तर हमखास."

लेखक म्हणवणाऱ्या माणसांचा मला आधीच कंटाळा आहे, त्यात हा घरचा.

पत्र कसं गेलं तेही त्याने सांगितलं. एकाच वेळी तीन वेगवेगळी पत्रं लिहितात, तीन गटांना पाठवतात, आणि कुठल्याला जास्त उत्तरं येतात ते बघतात. बुटांचं पत्र एकाच गटाला गेलं होतं, एका मोठ्या कारखान्यातल्या लोकांच्या घरच्या पत्त्यावर. अकराशे घरं. प्रत्येक पत्रात आमच्या पत्त्याचं उत्तराचं पाकीट, तिकीट न लावता टाकता येणारं.

"रिकामी पाकिटंही परत येतात, मावशी. रागावलेले लोक मुद्दाम पाठवतात, टपालखर्च आपल्यावर पडतो ना. काय काय घालतात! बटणं, बसची तिकिटं, एकाने नखं पाठवली. हाताला चेक किंवा कागद लागला नाही की आता आम्ही उघडतच नाही, सरळ पोत्यात."

त्याला हसू आलं, मला नाही. माझ्या डोळ्यांपुढे जेवणाच्या टेबलावर पत्र वाचून दाखवणारा एक माणूस होता. मी भाच्याला म्हटलं की तू चोर आहेस, एका पोरीचा जीव विकून तू टाळ्या घेतल्यास. त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने किटलीचं बटण बंद केलं.

दारात आल्यावर मी थांबले. कॉफीचा वास. तोच.

५

त्या रात्री झोप कसली लागते. सकाळी बसस्टॉपवर उभी असताना चिठ्ठीत काय खटकलं होतं ते कळलं.

बोट. पत्रात बोट नव्हतं.

भाच्याचं काम मला माहीत आहे. वाचणाऱ्याच्या डोळ्यात पाणी आणायचं आणि हात खिशाकडे न्यायचा, यासाठीच त्याला पगार मिळतो. दारात चेंगरलेलं बोट त्याने सोडलं असतं? चिठ्ठी वाचलेल्या माणसाने पहिलं बोट उचललं असतं, बूट नंतर. म्हणजे ज्याने कुणी चोरलं, त्याला बूट माहीत होते, नाड्या माहीत होत्या, बोट माहीत नव्हतं. चिठ्ठी सुटली. किल्लीही सुटली. शेजारीण किंवा पोरीची एखादी मैत्रीण बोलली असती तरी बोट आधी आलं असतं. बांधलेलं बोट साऱ्या जगाला दिसतं, अंथरुणातले बूट कुणाला दिसतात?

मग असं कुठे घडलं होतं, की बूट होते आणि बोट नव्हतं?

एकाच ठिकाणी. उत्तर आलं. बस आली, गेली, मी तिथेच उभी.

पण नुसत्या तर्कावर मी माझ्या बहिणीच्या मुलाला चोर ठरवलं होतं, आता नुसत्या तर्कावर सोडणारही नव्हते. मॅडमना सांगून गुरुवारी दुपारी चारला भाच्याला नवं पत्र लिहायला बसवलं, पाच वाजेपर्यंत हवं म्हणून. तो मुकाट पॅन्ट्रीत गेला. माझ्याशी बोलणं त्याने सोडलंच होतं. मी माझ्या केबिनमध्ये गेले, दार लावलं आणि फोनची वायर काढली.

बंद फोन कानाला लावून मी अर्धा तास बोलले. समोर कुणी नव्हतं. "तू उशीखाली चमचा ठेवतोस." थांबले. "जेवायला बोलावलं नाही, तरी चमचा तयार असावा म्हणून." थांबले. नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या संथपणे. भिंतीत डोक्याच्या वर, झडप होती तिथे वीतभर चौकोनी भोक होतं, आणि पलीकडे पॅन्ट्री. साडेचारला तिथून कॉफीचा वास आला.

पाच वाजता भाच्याने मॅडमच्या टेबलावर कागद ठेवला. मॅडमनी तो वाचला आणि माझ्याकडे सरकवला.

'तो उशीखाली चमचा ठेवून झोपतो.'

६

"हे कुठून सुचलं?" मी विचारलं.

"तुला परत चोरच म्हणायचं असेल तर म्हण," भाचा म्हणाला. "सुचलं. मला काय माहीत कुठून."

त्याला खरंच माहीत नव्हतं. किटलीच्या गुणगुणण्यात मिसळून शब्द यायचे, मान खाली घालून लिहिणाऱ्या माणसाच्या कानात जायचे, आणि त्याला ते स्वतःच्याच मनातले वाटायचे. फोनच्या पलीकडचं त्याला ऐकू येणं शक्यच नव्हतं. एरवी कुठल्याही बाईचं अर्धं बोलणं ऐकून कुणाला काय कळणार? 'हो', 'मग', 'बरं'. पण मी पोरांची वाक्यं जशीच्या तशी परत देते. मी पढवलेली पद्धत. भिंतीपलीकडे आख्खी पोरगी ऐकू जात होती, फक्त तिची जखम सोडून. कारण जखम मी परत म्हणत नाही.

मी त्याला केबिनमध्ये नेलं, भोक दाखवलं आणि सगळं सांगितलं. तो खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"म्हणजे ते मी लिहिलंच नव्हतं, मावशी?"

"लिहिलंस तू. सांगितलं मी."

त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पण मला रडू आलं नाही. राग आला होता आणि तो काढायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. गुदमरतंय म्हणून ओरडणारी मीच होते. कॉफीचा वास येतो म्हणणारीही मीच. जिथून वास येतो तिथून आवाज जातो, हे तीस वर्षं टेलिफोनवर बसलेल्या बाईला कळू नये?

कोण, ते कळलं होतं. कुठे, ते नव्हतं. अकराशे घरं. मॅडम म्हणाल्या, उद्या बैठकीत मी स्वतः सांगेन, आधी मुलगी शोधा. पण कशी? तिचा फोन तुटलेला. घरात तिच्या हाती लागण्यासारखं आमचं काय होतं? तो कागद, बाकी काही नाही.

कागद, आणि पत्रासोबतचं पाकीट. ज्याला तिकीटही लागत नाही.

"पोतं कुठे आहे?" मी भाच्याला विचारलं.

जिन्याखाली होतं, शनिवारी रद्दीवाल्याकडे जाणार होतं. आम्ही तिघांनी ते हॉलच्या फरशीवर ओतलं. किल्ली घरी निघाली होती, तीही पर्स ठेवून खाली बसली. बटणं निघाली, तिकिटं निघाली, एका पाकिटात आम्हाला शिव्या होत्या. तासाभराने किल्ली म्हणाली, "हे बघा."

तिच्या हातात बुटाची नाडी होती, लहान मुलाच्या बुटाची, मळलेली. चिठ्ठी नाही, अक्षर नाही. नाडीला शेजारी शेजारी दोन गाठी मारलेल्या.

टकटक, दोनदा.

मी सांगितलं असं तिला वाटत होतं, तरी बोलता येत नाही हे तिने मलाच कळवलं होतं. तिला दुसरं होतंच कोण? पाकिटावरचा टपालाचा शिक्का त्या नऊ सेकंदांच्या फोनच्या दुसऱ्या दिवसाचा होता. आमच्याकडे पोचून ते सकाळपासून जिन्याखाली पडून होतं, आमच्याच पद्धतीप्रमाणे.

पाकिटाच्या कोपऱ्यात बारीक आकडा छापलेला असतो, कुठल्या घराचं उत्तर ते कळावं म्हणून. भाच्याने यादी उघडली. घाईत दोनदा चुकीचा आकडा पडला. तिसऱ्यांदा पत्ता आला.

मी अधिकाऱ्याला फोन लावला आणि पत्ता सांगितला. तो म्हणाला, "निघालो."

७

तासाभरात जातो म्हणाला होता, चाळीस मिनिटांत पोचला. मी त्याच्या ऑफिसात वाट बघत बसले. लोखंडी बाक, भिंतीवर हात धुण्याची चित्रं, आणि कोपऱ्यात खेळण्यांची टोपली, तिला कुणी हात लावत नसणार. आईला फोन लागला होता, ती मिळेल त्या गाडीने निघाली होती. काकाला दुसऱ्या खोलीत बसवलं होतं. त्याचा आवाज येत होता, अगदी समंजस, साधा आवाज. मला वाटलं होतं तसा मुळीच नाही.

मग ती आली. माझ्या मनात होती त्यापेक्षा लहान. पायात मोठ्या माणसाच्या सपाता, कारण बूट काकाने कुलपात ठेवले होते. डाव्या हाताचं बोट अजून वाकडं होतं. तिच्याबरोबरच्या बाईने तिला माझ्यासमोर बसवलं, पाणी दिलं. तिने पाणी घेतलं नाही.

मी म्हटलं, "मी ताई."

आवाज ओळखून तिने मान वर केली. माझ्याकडे बघितलं, पांढरे केस, चष्मा, मांडीवरची पर्स. फोनवरची ताई अशी असेल असं तिला वाटलं नसावं. मी पर्समधून नाडी काढून आमच्या मध्ये बाकावर ठेवली. तिने हात लावला नाही.

मला बरंच काही सांगायचं होतं. भिंतीतलं भोक, किटली, माझा भाचा, कुणाच्याच मनात नव्हतं. सगळं खरं होतं, आणि त्यातलं काहीही नऊ वर्षांच्या पोरीच्या उपयोगाचं नव्हतं.

"तुम्ही सांगितलंत," ती म्हणाली.

तीस वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं ऐकून विसरले, आणि पुढची दहा वर्षं ती ऐकून परत दिली. इतकं जड वाक्य एकदाही वाट्याला आलं नव्हतं.

"मी सांगितलं," मी म्हटलं.

मग तिने नाडी उचलली आणि उजव्या हाताने पहिली गाठ सोडवायला लागली. डावं बोट वाकत नव्हतं, त्यामुळे जमेना. मी मदत केली नाही, तिने मागितली नव्हती. मी बसून राहिले.